मेमरी कार्डातील परके धन

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. तुडीलच्या मशिदीत जुम्याची नमाज आटोपून मंडळी बाहेर पडत होती. एवढ्यात एक तरुण माझ्यापाशी येऊन बसला. महाडला एका मोबाईलच्या दुकानात तो कामाला आहे. त्या दिवशीच्या बयानात मी सूरह मुतफ्फिफीनचा आशय सांगितला होता: जे लोक स्वतः घेताना माप पुरेपूर भरून घेतात आणि दुसऱ्याला देताना हात आखडतात, त्यांच्याविषयी त्या सूरहच्या आरंभीच कठोर इशारा आहे. त्या तरुणाच्या मनात तेच घोळत असावे.

"मौलाना, मी तराजू धरत नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाईक मेमरी कार्ड आणतं, मी पन्नास रुपयांत ते भरून देतो. गाणी, नात, कव्वाली, सिनेमे, जे मागेल ते. ही गाणी दुकानानं कुणाकडून विकत घेतलेली नाहीत. माझी रोजी हलाल की हराम?"

शेजारी बसलेल्या एका बुजुर्गांनी माझ्या आधीच उत्तर दिले. "अरे, गाणंबजावणं मुळात हराम. हराम मालाची चोरी कसली? चोराच्या घरची चोरी ती!" चारपाच जण हसले. तो तरुणही हसला. त्या हसण्यात त्याला सुटल्यासारखे वाटले हे मला स्पष्ट दिसले, आणि ते मला बरे वाटले नाही. "पुढच्या जुम्याला बोलू," एवढे म्हणून मी उठलो. त्यानंतर अनेक जुमे गेले. हा लेख म्हणजे ते लांबलेले उत्तर होय.

प्रथम एक खुलासा. वाद्यसंगीत जायज की नाजायज, याची चर्चा येथे करावयाची नाही. बहुसंख्य फकीहांनी वाद्यांना मनाई केली आहे, काहींनी सवलतीची मते मांडली आहेत, आणि ज्याला आपला दीन जपायचा आहे त्याने आपल्या विश्वासू आलिमाला विचारून वागावे. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे. एखादी वस्तू माझ्यासाठी हराम आहे, म्हणून ज्याची ती आहे त्याचा तिच्यावरील हक्क संपतो काय?

हनफी फिक्हच्या 'हिदाया' या ग्रंथात, बळकावलेल्या मालाच्या प्रकरणात, नेमका असा मसला आहे. एखाद्याने दुसऱ्या मुसलमानाचे तंतुवाद्य, ढोल किंवा बासरी मोडली तर त्याने भरपाई द्यावी काय? इमाम अबू हनीफा (रह.) म्हणतात, द्यावी. वाद्य म्हणून तिची जी किंमत असेल ती नव्हे. पण घडवलेल्या लाकडाची, म्हणजे दुसऱ्या हलाल उपयोगाची जी किंमत असेल ती द्यावीच लागेल. त्यांचे दोन थोर शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), म्हणतात की भरपाई नाही. पुढच्या काळात फतवा या दोघांच्या मताकडे झुकला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मशिदीतील आमच्या बुजुर्गांच्या हाती हे मत लागले असते तर ते अधिकच खुलले असते!

परंतु मसला नीट वाचावा. हे दोन्ही इमाम वाद्य मोडणाऱ्याविषयी बोलत आहेत. ज्याने वाईट गोष्ट थांबवावी म्हणून ती मोडली, त्याच्यावर भरपाईचा बोजा नको, असे त्यांचे म्हणणे. शेजाऱ्याची बासरी पळवून जो स्वतः वाजवतो, किंवा पन्नास रुपये घेऊन दुसऱ्याला वाजवायला देतो, त्याच्याविषयी हे मत नाही. आपला तरुण गाणी पुसून टाकत नव्हता, भरून देत होता. संगीत हराम मानून ते ऐकायचे, आणि हराम मानूनच त्याचे मोल चुकवायचे नाही, अशी दुहेरी सवलत कोणत्याही मजहबात मला आढळलेली नाही.

याच प्रकरणात दुसरा मसला आहे. मुस्लिम राज्यात राहणाऱ्या गैरमुस्लिमाची दारू मुसलमानाने ओतून दिली, तर हनफी मताप्रमाणे त्याने तिची किंमत भरून द्यायची. दारूइतकी निःसंशय हराम वस्तू दुसरी कोणती? तरीही तिच्या मालकाच्या दृष्टीने ती त्याचा माल आहे, म्हणून तिचे मोल मुसलमानाच्या माथी बसते. हुदैबियाच्या प्रसंगातील हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांची हकिकत सहीह बुखारीत आहे. इस्लाम स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आपल्या सोबत्यांना दगा देऊन ठार केले होते आणि त्यांचा माल घेऊन ते मदीनेला आले होते. पैगंबर (स.) यांनी त्यांचा इस्लाम स्वीकारला, पण त्या मालाशी आपला काही संबंध नाही असे स्पष्ट सांगितले. ज्यांचा तो माल होता ते मूर्तिपूजक होते, आणि मरूनही गेले होते. तरी विश्वासघाताने आलेले धन पवित्र ठरले नाही.

म्हणून 'हराम मालाची चोरी कसली' हा युक्तिवाद येथेच सोडून देऊ.

दुसरा युक्तिवाद अधिक विचारी माणसे करतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुणाची कोंबडी पळवली तर त्याच्याकडे कोंबडी उरत नाही. गाण्याची नक्कल केली तर मूळ गाणे जेथे होते तेथेच राहते. मग चोरी कशी? आपल्याच उपखंडातील काही थोर हनफी बुजुर्गांचे मत असे होते की ग्रंथाचे हक्क राखून ठेवणे किंवा त्या हक्काची विक्री करणे दुरुस्त नाही. ज्याने प्रत विकत घेतली तो तिची नक्कल करू शकतो. त्यांना दीनचे ज्ञान दुकानाच्या कुलपात पडावे असे वाटत नव्हते, आणि ती काळजी रास्त होती. मी स्वतः मदरशात ज्या शरह वाचल्या त्यांतील कित्येक झेरॉक्स केलेल्या होत्या. मराठी घेऊन बी.ए. केले तेव्हाही नोट्सची बाडे झेरॉक्सवाल्याकडूनच आणली. शिक्षणासाठी अशा नकलांना कायद्यातही काही जागा आहे. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात अभ्यासक्रमापुरत्या प्रतींना मुभा दिली. तेव्हा प्रत्येक नक्कल म्हणजे डाका, असे मी म्हणणार नाही.

परंतु त्या बुजुर्गांच्या काळापासून आजपर्यंत व्यवहार पुष्कळ बदलला. हाताने नक्कल करताना प्रत्येक प्रतीत नक्कल करणाऱ्याचा घाम उतरत असे, आणि मूळ लेखकाचा निर्वाह प्रतींच्या विक्रीवर नसे. आज ध्वनिमुद्रणात सगळा खर्च पहिल्या प्रतीवर होतो: स्टुडिओचे भाडे, वादकांची बिदागी, मुद्रण करणाऱ्याची मजुरी. पुढच्या प्रती जवळजवळ फुकट निघतात, आणि पहिल्या प्रतीचा खर्च त्या पुढच्या प्रतींतूनच भरून यायचा असतो. लोकव्यवहारात ज्याला मालमत्ता मानले जाते त्याचा विचार फिक्ह करते, त्यालाच उर्फ म्हणतात. हाच आधार घेऊन आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला की लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीयतमध्ये मान्य आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही. आज बहुसंख्य आलिम याच बाजूला आहेत. शिवाय आपल्या देशाचा कायदा आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; आणि महाराष्ट्राने २००९ साली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्याविरुद्धच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात 'व्हिडिओ पायरेट' हाही वर्ग घातला. ज्या देशात राहतो तेथील न्याय्य नियम पाळणे हा एक करारच आहे, आणि करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे.

हा हक्क अनंत काळचा मात्र नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्क भारतात प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, कवीच्या शब्दांवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. एका मर्यादेनंतर कलाकृती सर्वांची होते. बुजुर्गांच्या काळजीला मिळालेले हे एक उशिराचे उत्तर आहे, असे मला वाटते.

आता राहिला तिसरा युक्तिवाद, आणि तो सर्वांत लोकप्रिय आहे. "कंपन्या कोट्यधीश आहेत. गायकाला त्या काय देतात? आपण कंपनीचे बुडवतो, गरिबाचे नाही." खरोखर कुणाचे बुडते, हे समजून घेण्यासाठी मुंबईच्या चित्रसृष्टीतील एका जुन्या मतभेदाकडे वळावे लागेल. वाचकांना तो ऐकून ठाऊक असेल, पण त्यातील नैतिक पेच आपल्या उपयोगाचा आहे.

साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी मागणी केली की गाण्याच्या तबकड्या जोवर विकल्या जातात तोवर गायकालाही त्या विक्रीतून वाटा मिळावा. मोहम्मद रफी यांचे मत उलट होते: गायकाने गायिले, ठरलेले मानधन घेतले, आता त्या गाण्यावर त्याचा दावा उरला नाही. वाद इतका वाढला की काही वर्षे दोघांनी एकत्र गाणी गायिली नाहीत. पुढे समेट झाला. रफीसाहेब १९८० च्या ३१ जुलैला, रमजानच्या महिन्यात, अल्लाहच्या भेटीला गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

मदरशाच्या विद्यार्थ्याला या वादात फिक्हचे दोन अध्याय दिसतात. रफीसाहेबांची भूमिका इजारा, म्हणजे मजुरीच्या कराराची: गवंड्याने घर बांधले, मजुरी घेतली, त्या घराचे भाडे तो मागत नाही. लताबाईंची भूमिका शिर्कतची, म्हणजे भागीदारीची: ज्या मालाच्या विक्रीत माझ्या आवाजाचा वाटा आहे, त्या नफ्यातही असावा. दोन्ही करार शरीयतला मान्य आहेत. रफीसाहेबांच्या म्हणण्यात एक निःस्पृहता आहे, ती मला मनापासून आवडते. पण ज्या गायकाला एकच गाणे लाभले आणि पुढे काम मिळाले नाही, त्याला ती निःस्पृहता परवडणारी नव्हती. अखेर २०१२ साली संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. तेव्हा राज्यसभेचे सदस्य असलेले जावेद अख्तर यांनी तिचा आग्रह धरला होता. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा आता कंपनी करारातून काढून घेऊ शकत नाही. गायकांनाही वाट्याचा हक्क मिळाला.

आता हे मेमरी कार्डाला लावून पाहा. करार लताबाईंच्या पद्धतीचा असेल, तर फुकट नकलेत गीतकाराचा, संगीतकाराचा, गायकाचा वाटा सरळ बुडतो. करार रफीसाहेबांच्या पद्धतीचा असेल, तर गाऊन मोकळ्या झालेल्या गायकाचे काही जात नाही हे खरे. नुकसान कंपनीचे होते. मात्र ते कंपनीपाशी थांबत नाही. दहा ध्वनिमुद्रणांत एखादेच चालते, आणि त्या एकाच्या कमाईवर उरलेल्यांचा खर्च निघतो. नकला करणारा न चाललेल्या नऊंकडे ढुंकूनही पाहत नाही. तो चाललेल्याचीच नक्कल करतो. कमाई आटली की कंपनी मोठ्या नावाच्या गायकाला सोडत नाही, अनोळखी आवाजाला सोडते. छोट्या बोलीतील गाणी, लग्नातील कोकणी गीते, खेड्यातील नातख्वान यांच्यासाठी असलेले दार असे बंद होते. श्रीमंताला धडा शिकवायला उगारलेला हात खालच्या पायरीवरच्या माणसावर पडतो.

आणि समजा, कंपनीने गायकाला फसवले आहेच. मग एकाने ज्याला लुटले त्याला दुसऱ्यानेही लुटावे, याने पहिल्याचा जुलूम कमी कसा होईल?

येथे मला स्वतःविषयी सांगावे लागेल, कारण तो तरुण माझ्यापुढे बसला तेव्हा मला माझी एक जुनी गोष्ट आठवली होती आणि म्हणूनच मी पटकन उठलो होतो. मदरशातील दिवसांत आमच्याच खाडीपट्ट्यातील एका नातख्वानांनी स्वतःच्या पैशाने एक सीडी काढली. ते जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. मुंबईला जाऊन, वाद्यांशिवाय, आपल्या बोलीतील नात त्यांनी मुद्रित केल्या आणि हजार सीडी काढल्या. आम्ही मुलांनी मिळून एक विकत घेतली, संगणकावर तिची एमपी३ केली आणि सुटीत घरी जाताना ज्याने मागितली त्याला दिली. सवाबचे काम करीत आहोत असेच वाटत होते. पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मिलादमध्ये तो आवाज ऐकू येई. लोक त्यांना भेटून मिठी मारीत, दुआ देत, आणि सीडी मात्र कुणी मागत नसे. ती सर्वांकडे होतीच. महाडच्या घरात पोटमाळ्यावर न विकलेले खोके पडून होते, असे त्यांनीच पुढे सांगितले. दुसरी सीडी त्यांनी काढली नाही.

येथे संगीत हराम हा बहाणा नव्हता, कंपनी श्रीमंत हाही नव्हता. आमचे प्रेम होते, आणि त्या प्रेमानेच त्यांचे नुकसान झाले. आजही हेच चालते. दर महिन्याला हे मासिक छापून येते न येते तोच त्याची पीडीएफ गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरू लागते, आणि वर्गणी भरा असे म्हणणारा इमाम त्या गटात असतोच. मीही आहे.

हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, यांविषयी आपण लहानपणापासून ऐकतो की अल्लाह आपला हक्क माफ करील, पण माणसाचा हक्क त्या माणसानेच माफ करायचा आहे. शहीदाचे सर्व गुन्हे माफ होतात, कर्ज मात्र राहते. सहीह मुस्लिममध्ये पैगंबर (स.) यांनी ज्याला खरा दिवाळखोर म्हटले, तो नमाज-रोजे घेऊन येणारा माणूस आहे, ज्यांचे त्याने खाल्ले ते त्याच्या नेकी वाटून नेतात. आता हिशेब करू. बत्तीस जीबीच्या कार्डात सात-आठ हजार गाणी बसतात. पन्नास रुपयांत भरले तर एका गाण्याला एक पैसाही पडत नाही. एकेका गाण्यामागे कवी, संगीतकार, गायक, वादक. शेजाऱ्याचा आंबा खाल्ला तर संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन माफी मागता येते. या हजारो माणसांचे ओटे कुठे शोधायचे? ते आपल्याला दिसत नाहीत, म्हणून नुकसान कुणाचेच नाही असे वाटते. माफी मागायची वेळ येते तेव्हा त्यांचे न दिसणे हीच खरी अडचण होऊन बसते.

त्या तरुणाला अखेर मी एवढे सांगितले की कार्ड भरून मिळालेले पैसे स्वच्छ नाहीत. दुरुस्ती, रिचार्ज, काच बसवणे यांची मजुरी निःशंक हलाल आहे. मालकाशी त्याने बोलावे, आणि ऐकायचेच असेल त्यांनी मूळ वाहिनीवरून ऐकावे. तेथे जाहिरातींच्या उत्पन्नातून काही तरी मूळ धन्याकडे जाते. नोकरी सोड, असे मी म्हणालो नाही. घरी आई आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे, आणि ज्याने स्वतः एमपी३ वाटल्या त्याच्या तोंडी ते शोभले नसते.

"तुम्ही त्या नातवाल्या चाचांची माफी मागितली का?" त्याने विचारले. मी गप्प राहिलो. मग त्याच्याच मोटारसायकलवर बसून आम्ही महाडला गेलो.

चाचा आता ऐंशीच्या घरात आहेत. २०२१ च्या जुलैतील पुराने महाडची किती घरे धुऊन नेली ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या घरातही पाणी चढले, सामान वर न्यायला जागा हवी म्हणून सीडीची खोकी त्यांनीच आधी खाली फेकली. मी सर्व हकिकत सांगितली आणि पैसे पुढे केले. त्यांनी माझा हात धरला.

"हाफिजजी, माझं केव्हाच माफ केलं. पोरं ऐकत होती, मला बरं वाटायचं. पण शब्द माझे नव्हते. शाळेतल्या गुरुजींनी लिहून दिले होते. सीडी खपली की तुमचा वाटा आणून देईन असं मी त्यांना म्हणालो होतो. ती खपली नाही, आणि गुरुजीही गेले. त्यांच्या वाट्याची माफी मी कशी देऊ?"

गुरुजींची मुलगी म्हसळ्याला दिली आहे. चाचांनी नोटा माझ्या हातात परत ठेवल्या आणि तिचा पत्ता सांगितला. तरुणाने तो आपल्या मोबाईलमध्ये लिहून घेतला. पावसाळा लागण्यापूर्वी जाऊन यायचे आम्ही ठरवले आहे. चाचांनाही सोबत यायचे आहे.